दोन हातांचं गलबत

सोमवार

सी ऑफ थीव्ह्ज या चाच्यांच्या व्हिडिओ गेममध्ये एकट्याने स्लूप, म्हणजे सगळ्यात लहान जहाज, घेऊन निघालं की सगळ्यात आधी हात कमी पडतात. सुकाणू धरलं की शीड तसंच राहतं, शिडाकडे गेलं की तोफ रिकामी, आणि तोफेवर उभं राहावं तर तळात पाणी चढत असतं. समोर गॅलियन, म्हणजे सगळ्यात मोठं जहाज, आलं तर त्यावर चौघे असतात: एक सुकाणूवर, दोघे तोफांवर, एक खाली भोकांवर फळ्या ठोकायला. आठ हातांविरुद्ध दोन. गोळे कितीही भरले तरी हा हिशेब बदलत नाही. म्हणून या आठवड्याच्या नोंदींत प्रत्येक युक्तीला एकच प्रश्न विचारायचं ठरवलं आहे: यात आपले हात किती वेळ अडकतात, आणि त्यांचे किती?

या खेळाबद्दल मनापासून आदर वाटतो तो एका गोष्टीमुळे. २० मार्च २०१८ ला तो आला तेव्हापासून सोनं खर्चून शिडांचे रंग मिळतात, कपडे मिळतात, नाळेवरच्या, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकावरच्या, मूर्ती मिळतात; पण तोफेचा मारा वाढत नाही आणि लाकूड जाड होत नाही. पाच वर्षं खेळणाऱ्याची स्लूप आणि काल आलेल्याची स्लूप सारखीच बुडते. शिकता येण्यासारखं जे आहे ते सगळं शिकून मिळतं, विकत मिळत नाही.

निघण्यापूर्वीची तयारी थोडक्यात. आउटपोस्टवरच्या, म्हणजे जिथे माल विकता येतो त्या बेटावरच्या, पिंपांतलं सामान उचलावं. मर्चंट अलायन्स या खेळातल्या व्यापारी कंपनीकडे सोनं देऊन फळ्यांची, गोळ्यांची आणि फळांची खोकी मिळतात, ती घ्यावीत. साठेक फळ्या आणि ऐंशी गोळे जमेपर्यंत मोठी लूट उचलायला जाऊ नये. यात फळ्या पहिल्या. गोळे संपले तर पळता येतं, फळ्या संपल्या तर काहीच करता येत नाही. खाण्यात केळ्यापेक्षा अननस चांगलं: त्याचे दोन घास होतात आणि प्रत्येक घासाला तब्येत जास्त भरून येते.

मंगळवार

हल्ला वाचवायची सगळ्यात स्वस्त जागा म्हणजे क्षितिज. दोन मिनिटांनी एकदा दुर्बीण चारी बाजूंना फिरवायची. बेटावर खणत असतानाही, गुहेतून बाहेर आल्याबरोबर सुद्धा. डोलकाठ्या मोजायच्या: एक म्हणजे स्लूप, दोन म्हणजे ब्रिगंटाईन, तीन म्हणजे गॅलियन. जहाज बेटाकडे येतंय की आपल्याकडे, हे ओळखायला आपली दिशा एकदा बदलून पाहावी. त्यांचीही बदलली तर शंका उरत नाही.

नकाशाही बोलतो. एमिसरी ध्वज म्हणजे आपण एखाद्या कंपनीसाठी काम करतो हे दाखवणारा झेंडा; तो असताना श्रेणी चढत जाते तसा मालाला जास्त भाव मिळतो. रीपर्स बोन्स या कंपनीचा ध्वज लावलेलं जहाज सर्व्हरवरच्या सगळ्यांना नकाशावर दिसतं. उलट बाजूने, हा ध्वज लावलेला रीपर पाचव्या श्रेणीला पोचला की त्याला बाकीच्या सगळ्या कंपन्यांची एमिसरी जहाजं दिसू लागतात. पाचव्या श्रेणीला मालाची किंमत अडीचपट होते, त्यामुळे ध्वज लावायचा मोह साहजिक आहे. एकट्याने तो लावावा, पण नकाशा दर फेरीला बघावा. नकाशावर पाचव्या श्रेणीचा रीपर आला की लपून बसण्यात अर्थ राहत नाही. जवळच्या आउटपोस्टवर जाऊन माल विकून ध्वज उतरवावा.

बेटापाशी थांबताना नांगर टाकू नये. हे कितीही वेळा सांगितलं तरी कमीच. शीड पूर्ण वर घेतलं की स्लूप हळूहळू आपोआप थांबते. नांगर टाकला तर निघताना तो वर ओढायची चरखी फिरवावी लागते, आणि त्या वेळात दोन्ही हात चरखीवर आणि पाठ समुद्राकडे. थांबतानाच नाळ मोकळ्या पाण्याकडे वळवून ठेवायची, शीड वाऱ्याच्या कोनात लावून ठेवायचं. मग पळायचं झालं तर एकच काम उरतं, शीड सोडायचं. रात्री सगळे कंदील विझवावेत. कंदील लागलेली स्लूप फार लांबून दिसते.

गुरुवार

वारा. एकट्याने एकच गोष्ट पाठ करायची असेल तर ही करावी. वाऱ्याच्या थेट तोंडावर जाताना स्लूप तिन्ही जहाजांत वेगवान असते. वारा आडवा असेल तर ब्रिगंटाईन पुढे, वारा पाठीशी असेल तर गॅलियन पुढे. घाबरलेला माणूस शीड फुगलेलं बघून वाऱ्याबरोबर पळतो, आपला वेग वाढलेला दिसतो म्हणून त्याला बरंही वाटतं. पण मागच्या गॅलियनचा वेग त्याहून जास्त वाढलेला असतो. वाऱ्याच्या रेषा आकाशात दिसतात. त्या जिकडून येतात तिकडे नाळ करायची, शीड पूर्ण खाली ठेवायचं आणि तिरकं न जाता सरळ जायचं. प्रत्येक वळणाला वेग जातो.

एकदा दिशा धरली की सुकाणू सोडता येतं, ते जागेवर राहतं. इथे आपले दोन्ही हात मोकळे होतात, आणि पळण्याचा खरा फायदा हाच. या वेळात भोकं बुजवायची, पाणी उपसायचं, पोटाला द्यायचं, बंदुकी भरायच्या. फक्त समोरच्या खडकांकडे लक्ष असू द्यावं. पळताना मागे बघत खडकावर चढलेली स्लूप ही नेहमीची कथा आहे. वादळात मात्र हे चालत नाही. तिथे सुकाणू स्वतःहून फिरतं, होकायंत्र गरगरतं आणि पावसाचं पाणी तळात साठतं. पाठलाग चुकवायला वादळ बरं वाटतं, पण एकट्याला तिथे सुकाणूवर एक हात कायमचा गहाण ठेवावा लागतो. मी वादळ टाळण्याच्या बाजूचा.

मागेही स्लूपच असेल तर वेग सारखा, अंतर तेवढंच राहतं. तोफा बाजूंना असल्यामुळे त्यांना मारा करायचा तर वळावं लागतं आणि वळलं की ते मागे पडतात. म्हणून चांगला क्रू गोळे वाया घालवत नाही, माणूस पाठवतो.

त्याच दिवशी, उशिरा

तो माणूस हाच एकट्याचा खरा शत्रू. तोफेत बसून तो आपल्याकडे झेपावतो, शिडी धरतो, वर येऊन आधी नांगर टाकतो. मग मारामारी हरला तरी त्याचं काम झालेलं असतं: स्लूप थांबली, मागचं जहाज आलं.

तोफेचा आवाज झाला आणि गोळा कुठेच पडला नाही, तर माणूस उडालाय असं समजावं. सुकाणूला एक झटका द्यावा. थोडीशी वळलेली स्लूपही त्याचा नेम चुकवते आणि पाण्यात पडलेला माणूस चालत्या जहाजाला सहसा गाठू शकत नाही. छप्प असा आवाज जवळून आला तर तो शिडीच्या पल्ल्यात आहे. स्लूपला दोन्ही बाजूंना एकेक शिडी. शिडी चढताना त्याला हत्यार चालवता येत नाही, म्हणून शिडीच्या वरच्या टोकाशी ब्लंडरबस, म्हणजे जवळून मारायची रुंद तोंडाची बंदूक, घेऊन उभं राहणं हा सगळ्यात भरवशाचा उपाय. हत्यारं दोनच बाळगता येतात. एकट्याने त्यातलं एक ब्लंडरबसच ठेवावं, दुसरं तलवार किंवा पिस्तूल. दूरच्या नेमाची बंदूक एकट्याला क्वचितच वापरायला वेळ मिळतो.

तरीही नांगर पडलाच, तर चरखीकडे धावू नये. आधी माणूस, मग नांगर. चरखी अर्ध्यात सोडली तर नांगर परत खाली जातो, म्हणजे पाठीत तलवार बसली की केलेली मेहनतही गेली. एकटं मरणं दुकट्यापेक्षा महाग असतं हे लक्षात ठेवायचं. उचलून उभं करायला कोणी नाही, थेट फेरी ऑफ द डॅम्डवर, म्हणजे मेलेल्यांना परत पाठवणाऱ्या भुताच्या जहाजावर, जायचं आणि दार उघडेपर्यंत थांबायचं. तोवर जहाजावर कोणीच नसतं आणि पाणी थांबत नाही.

शुक्रवार

पाण्याचा हिशेब. गोळा लागला की भोक पडतं. त्याच जागी परत लागला की ते मोठं होतं, तीन पायऱ्यांपर्यंत. मोठ्या भोकातून पाणी जास्त आणि बुजवायला वेळही जास्त. पाण्याच्या पातळीच्या वरचं भोक लाटा सोडल्या तर काही बिघडवत नाही. नवखा माणूस नेमका इथे चुकतो: डोळ्यांसमोर दिसतं म्हणून वरचं भोक आधी बुजवतो आणि खाली तीन भोकं वाहत राहतात.

क्रम असा ठेवावा. तळातलं सगळ्यात मोठं भोक पहिलं. मग खालची लहान भोकं. शेवटचं एखादं लहान भोक उरलं की बादली घ्यावी. एका लहान भोकाच्या पाण्याला बादली सहज मागे टाकते. पाणी जहाजाबाहेरच पडलं पाहिजे, जिन्यावरून घाईत फेकलेलं पुन्हा तळात येतं. तळ कोरडा करत बसू नये. पाणी गुडघ्याखाली आलं, वाढायचं थांबलं, की वर जावं आणि एकदा क्षितिज बघावं. पूर्ण उपसण्यात घालवलेलं अर्धं मिनिट शत्रूला तोफांचा पुढचा मारा नीट लावायला पुरतं.

पाणी जितकं वाढतं तितकं जहाज खाली बसतं, आणि मग वरची निरुपद्रवी भोकंही गळू लागतात. बॅलास्टबॉल नावाचा शापित गोळा हेच मुद्दाम करतो. म्हणून वरची भोकं विसरायची नाहीत, फक्त नंतर घ्यायची.

३० एप्रिल २०१९ च्या अपडेटपासून सुकाणू, चरखी आणि डोलकाठीही तुटते. साखळीगोळा एका फटक्यात डोलकाठी पाडतो. पडलेली डोलकाठी ओढून उभी करावी लागते आणि मग फळ्या ठोकाव्या लागतात. अर्धवट दुरुस्त केलेली पुढच्या फटक्याला परत जाते. तळात पाणी चढत असेल तर डोलकाठी थांबू शकते. तळ स्थिर असेल तर डोलकाठी लगेच, कारण न हलणाऱ्या स्लूपवर कोणाचाही नेम लागतो. आग लागली असेल तर तळातलंच पाणी बादलीत घेऊन विझवावी. त्यासाठी वेगळं पाणी आणायला धावणं म्हणजे एक फेरी फुकट.

शनिवार

पळायला जागाच उरली नाही, बेटांच्या मध्ये कोंडी झाली, तर मोठ्या जहाजाच्या बाजूला येऊ नये. गॅलियनच्या आठही तोफा बाजूंना आहेत, चार इकडे, चार तिकडे. नाळेला आणि पिछाडीला एकही नाही. स्लूप लहान गोलात वळते, गॅलियन मोठ्या. त्याच्या पिछाडीला चिकटून फिरत राहिलं तर त्याला तोफ लावायला वळावं लागतं आणि आपण त्याच्याआधी वळलेले असतो.

कोकण किनाऱ्यावर हे गणित फार जुनं आहे. मराठ्यांचे सरखेल कान्होजी आंग्रे, ज्यांना इंग्रज चाचे म्हणत, त्यांच्या घराण्याच्या आरमारातल्या गुराबा, म्हणजे लढाऊ जहाजं, मोठ्या युरोपीय जहाजाच्या बाजूच्या तोफांसमोर जात नसत. पिछाडीला येऊन नाळेवरच्या तोफांनी आधी डोलकाठ्या आणि दोर तोडायचे, जहाज पांगळं झालं की मग जवळ जायचं. वारा पडला तर लहान गलबतं वल्ह्यांनी गुराबा ओढत. आपल्या स्लूपला नाळेवर तोफ नाही एवढा फरक, बाकी धडा तोच: आधी डोलकाठी.

जवळ आल्यावर पहिला मारा साखळीगोळ्याने, दुसरा आगीच्या गोळ्याने. डोलकाठी पडली की दोघे तिला लागतात, आग लागली की एक बादली घेऊन धावतो. आठातले सहा हात गेले. तळात भोकं पाडायची ती यानंतर, आणि तीही एकाच जागी नव्हे, पसरून, म्हणजे खाली एकट्या राहिलेल्याला धावावं लागेल.

खेळात जादूचे शापित गोळेही मिळतात. त्यांत हिरवे जहाजावर परिणाम करतात, जांभळे माणसांवर. एकट्याने एक हिरवा अँकरबॉल नेहमी राखून ठेवावा. तो लागला की समोरच्यांचा नांगर पडतो. मारायची वेळ मात्र एकच: ते भरधाव आहेत आणि आपली नाळ आधीच वाऱ्याच्या तोंडावर आहे तेव्हा. आपण थांबलेलो असताना मारला तर ते आपल्याच शेजारी थांबतात.

आपला नांगर टाकून गर्रकन वळणं हीही एक युक्ती. शीड पूर्ण, सुकाणू एका बाजूला टोकाला, नांगर सोडायचा. स्लूप जागेवर फिरते आणि मागचं जहाज पुढे निघून जातं. फिरताफिरताच चरखीला लागायचं. सगळा वेग जातो, म्हणून हे एका पाठलागात एकदाच, आणि जहाजावर परका माणूस नाही याची खात्री असेल तरच.

रविवार

बुडालं तर काय जातं, हे एकदा नीट मांडून ठेवावं. जातो तो न विकलेला माल आणि पिंपांतला साठा. विकलेल्या मालाचं सोनं, कंपन्यांतली पत, कपडे, शिडं, यातलं काहीच जात नाही. म्हणून एकट्याने दर दोन बेटांनंतर विकावं. गलबतभर लूट जमवून एकदाच विकण्याची हौस चौघांच्या क्रूला परवडते.

जहाजासकट पाण्याखाली डुबकी मारून दुसरीकडे निघायचा मार्ग आहे, पण जहाजावरचा माल वर तरंगत राहतो. माल नसेल तर तो मार्ग उत्तम. मेनूतून स्वतःचं जहाज बुडवायची सोयही आहे. माल नसताना, फळ्या संपलेल्या असताना आणि मागचे सोडत नसताना ती वापरण्यात काही कमीपणा नाही.

सराव कुठे करायचा? डिसेंबर २०२३ मध्ये सेफर सीज हा खेळाचा वेगळा प्रकार आला, तिथे दुसरे खेळाडू नसतात. आला तेव्हा सोनं आणि पत ३० टक्केच मिळत होती, पण पाणी उपसणं, डोलकाठी उभी करणं आणि खेळच चालवतो त्या सांगाड्यांच्या जहाजाभोवती गोल फिरणं शिकायला तेवढं पुरे.

आणि बुडाल्यावर नवी स्लूप मिळते ती शत्रूपासून लांब. तिच्यावर पाय ठेवला की आधी दुर्बीण, चारी बाजूंना. मग नकाशावर जागा. मग बेटावरची पिंपं, फळ्या आधी. शीड सगळ्यात शेवटी.