खट्‌ करून आत

दुपारची वेळ, पडद्यावर एक आडवी पट्टी आणि पट्टीवर चालणारा टीचभर माणूस. चालतोय म्हणजे पाय हलवतोय, पुढे सरकल्यासारखा काही दिसत नाही. खाली आकडा: तुमच्या पुढे २३,४१७ जण. त्या माणसाच्या हातात पिशवी नाही, डोक्यावर टोपी नाही, तो दमत नाही आणि वैतागतही नाही. बघणाऱ्याचं मात्र दोन्ही होतं. मोठ्या क्लबच्या सामन्याचं तिकीट काढायला कधी बसलेल्या माणसाला हा गडी ओळखीचा असतोच.

फुटबॉलचा सामना नव्वद मिनिटांचा, हे टीव्हीवर बघणाऱ्यांचं म्हणणं. तिकीट काढणाऱ्याचा सामना महिना-दीड महिना आधीच सुरू झालेला असतो, आणि त्याला मध्यंतरही नसतं. या रांगेबद्दल गैरसमज तरी किती! दोन तास आधी येऊन बसलं की नंबर पुढे लागतो, हा त्यातला सर्वात चिवट. बहुतेक ठिकाणी लागत नाही. विक्री उघडण्याआधी आलेल्या सगळ्यांना एकाच प्रतीक्षालयात बसवतात आणि ठरलेल्या मिनिटाला चिठ्ठ्या काढाव्यात तसे नंबर वाटतात. सकाळी सातला आलेला आणि दहाला पाच कमी असताना आलेला, दोघांचं नशीब सारखंच. दहा वाजून एक मिनिटाने आलेला मात्र सगळ्यांच्या मागे. तेव्हा दहा मिनिटं आधी यावं, लॉगिन करून ठेवावं, कार्ड आणि बँकेचा कोड येणारा फोन शेजारी ठेवावा, आणि मग हात मांडीवर घेऊन बसावं. पान रिफ्रेश करण्याचा मोह होतो. करू नये. कधी काही होत नाही, कधी जागाच जाते, आणि यातलं काय होणार ते केल्यावरच कळतं.

अर्थात, त्या रांगेत उभं राहायलाही आधी हक्क लागतो. मोठ्या क्लबांत पहिला मान सीझन तिकीटवाल्यांचा, म्हणजे अख्ख्या हंगामाचं तिकीट आधीच घेतलेल्यांचा, मग पैसे भरून झालेल्या मेंबरांचा, त्यातही पूर्वी किती सामने पाहिले यावर गुण असतील तर गुणांच्या क्रमाने. आणि मग उरलंसुरलं जनतेला. उरतं क्वचित. मेंबरशिप घेतली म्हणजे तिकीट मिळालं, असं समजून लोक पुढे रागावतात. मेंबरशिपने मिळते ती फक्त रांगेत उभं राहायची परवानगी. दोघांना शेजारी बसायचं तर मेंबरशिपही दोन लागतात, आणि त्या दोन खात्यांची जोडणी आधी करून ठेवावी लागते. ही जोडणी विक्रीच्या दिवशी, नंबर लागल्यावर करायला निघालेल्यांची जागा तेवढ्यात गेलेली असते.

नंबर लागला की मैदानाचा नकाशा उघडतो. हजारो करडे ठिपके, मध्येच एखादा रंगीत. त्यावर बोट ठेवावं तर ‘ही जागा नुकतीच गेली’. अशा वेळी शहाण्याने शेजारशेजारच्या दोन जागांचा हट्ट सोडावा. एकट्या खुर्च्या शेवटपर्यंत सुटत राहतात, कारण सगळे जोडीनेच शोधत असतात. जागा टोपलीत पडली की घड्याळ उलटं फिरायला लागतं. तेवढ्यात पैसे गेले नाहीत तर ती पुन्हा बाजारात. आणि पहिल्या दिवशी काहीच हाती लागलं नाही तरी दार बंद झालेलं नसतं. सामना जवळ आला की सीझन तिकीटवाल्यांना लग्नं, सर्दी, पाहुणे आठवायला लागतात. ते आपापली खुर्ची क्लबच्याच अधिकृत फेरविक्रीत टाकतात. शेवटच्या दोन-तीन दिवसांत ते पान अधूनमधून उघडत राहणाऱ्याला बहुधा काहीतरी मिळतं. स्टेडियमबाहेर कुजबुजत तिकीट विकणाऱ्याच्या मात्र वाटेला जाऊ नये. इंग्लंडमध्ये फुटबॉलच्या तिकिटाचा असा परस्पर धंदा १९९४ च्या कायद्याने गुन्हा ठरला आहे. त्यामागे काळ्या बाजाराचा राग तर आहेच, शिवाय दोन संघांचे समर्थक वेगळे बसवायची काळजीही आहे. कोण कुठे बसलंय हेच कळेनासं झालं तर ते कसे वेगळे ठेवणार?

तारखेचा एक घोटाळा सांगायलाच हवा. इंग्लिश वेळापत्रकात ‘शनिवार, दुपारी तीन’ असं छापलेलं असतं ते तात्पुरतं. टीव्हीवाले आपले सामने निवडतात आणि मग शनिवारचा शुक्रवार होतो, रविवार होतो, सोमवारची रात्रसुद्धा होते. संघ गुरुवारी युरोपीय स्पर्धेत खेळणार असेल तर शनिवार विसरायचाच. सामन्याचं तिकीट नव्या तारखेला चालतं; विमानाचं चालत नाही. टीव्हीची निवड जाहीर होईपर्यंत प्रवासाचं पक्कं करू नये.

आता खुर्ची. इथे मतभेदाला भरपूर वाव आहे आणि या लेखाचं मत ठाम आहे: पहिल्या तीन रांगा म्हणजे फसवणूक. खेळाडूंचा घाम दिसतो, खेळ दिसत नाही. नजर मैदानाच्या पातळीवर आली की पलीकडचे सगळे खेळाडू एकमेकांना चिकटलेले दिसतात, कोण पुढे कोण मागे कळत नाही. जवळची कडा जाहिरातींच्या फळ्यांआड जाते. आणि छप्पर डोक्यावर असेलच असं नाही, पाऊस आला की पहिला प्रसाद याच रांगांना. पंधराव्या-विसाव्या रांगेपासून खेळाची नक्षी दिसायला लागते. सर्वात उपेक्षित जागा कोपऱ्यातल्या. थोडी उंची मिळाली तर तिथून मैदान तिरकं, पूर्ण आणि स्वस्तात दिसतं. गोलमागे बसायचं ते आवाजासाठी. समोरच्या टोकाला झालेला गोल तिथे आधी ऐकू येतो, मग समजतो.

ऊनही बघून घ्यावं. गोलकीपरच्या डोळ्यांवर मावळतीचं ऊन येऊ नये म्हणून मैदानं साधारण उत्तर-दक्षिण आखतात. मुख्य स्टँड बहुधा पश्चिमेला, म्हणजे तिथल्यांच्या पाठीशी सूर्य. पूर्वेच्या स्टँडमध्ये बसलेले लोक दुपारच्या सामन्यात तळहात कपाळाला लावून असतात, लांबून सलाम ठोकल्यासारखे.

‘अडथळ्याची जागा’ असं तिकिटावर लिहिलेलं असेल तर बहुधा खांब. लंडनच्या क्रेव्हन कॉटेज स्टेडियममध्ये १९०५ सालचा, वास्तुरचनाकार आर्चिबाल्ड लाइचने आखलेला स्टँड अजून उभा आहे, लाकडी खुर्च्यांसकट आणि खांबांसकट. खांबामागे बसणाऱ्याची मान नव्वद मिनिटं घड्याळाच्या लंबकासारखी हलते. नव्या स्टेडियमांत खांब नाहीत, त्याऐवजी गणित आहे: पुढच्याच्या डोळ्यांच्या पातळीपासून मागच्याची नजर किती वरून जाते, याचा हिशोब. ९० मिलिमीटर म्हणजे चांगलं, ६० म्हणजे चालवून घ्यायचं. हा सगळा हिशोब लोक बसून राहतील असं धरून केलेला असतो. पुढचा उभा राहिला की मिलिमीटर गेले उडत, आपणही उभं राहायचं. जर्मनीतल्या डॉर्टमुंडच्या दक्षिणेच्या स्टँडमध्ये तर लीगच्या सामन्यांना सुमारे २५ हजार माणसं उभीच असतात, तिथे हा प्रश्नच येत नाही.

आणखी एक: यजमानांच्या स्टँडमधलं तिकीट असेल तर पाहुण्यांच्या रंगाचा मफलर घरी ठेवावा, आणि पाहुण्यांनी गोल केला तर आनंद गिळावा. उठून टाळ्या वाजवणाऱ्याला कर्मचारी खांद्यावर हात ठेवून बाहेर नेतात. तिकीट खरं असलं तरीही.

सामन्याच्या दिवशी मोठी पिशवी नेऊ नये. पुष्कळ ठिकाणी ए-फोर कागदाएवढीच चालते आणि सामान ठेवून घ्यायची सोय असेलच असं नाही. तिकीट आता बहुतेक ठिकाणी फोनमध्ये असतं. ते घरूनच फोनच्या वॉलेट अ‍ॅपमध्ये उतरवून घ्यावं, कारण साठ हजार फोन एका चौकात जमले की नेटवर्क मान टाकतं. स्क्रीनशॉट चालेलच याचा भरवसा नाही. फोन पूर्ण चार्ज. तिकिटावर चार गोष्टी वाचायच्या: फाटक, ब्लॉक, रांग, खुर्ची. लोक खुर्चीचा नंबर पाठ करतात आणि चुकीच्या फाटकाशी जातात. मग अर्ध्या स्टेडियमला प्रदक्षिणा.

पूर्वी हे काहीच नव्हतं. १९२३ साली लंडनचं वेम्बली स्टेडियम नवं कोरं उघडलं तेव्हा एफ.ए. कप या इंग्लंडच्या बाद-स्पर्धेच्या अंतिम सामन्याला आधी तिकीट काढायची सक्तीच नव्हती. सव्वा लाखाच्या जागेत दोन लाखांच्या आसपास माणसं घुसली, मैदानावरच सांडली, आणि बिली नावाच्या घोड्यावरचा पोलीस त्यांना हळूहळू कडेला सारत राहिला. सामना पाऊण तास उशिरा सुरू झाला. घोडा करडा होता. काळ्यापांढऱ्या फिल्ममध्ये पांढरा दिसला आणि पांढराच राहिला. त्यानंतरच्या अंतिम सामन्यांना आगाऊ तिकीट आलं. उभ्याने बघायच्या त्या काळात लहान मुलांना काही दिसेना म्हणून मोठी माणसं त्यांना उचलून डोक्यांवरून हातोहात पुढे पाठवायची. पोर थेट कठड्याशी, बाप कुठेतरी मागे गर्दीत. सामना संपला की ठरलेल्या जागी भेटायचं.

टर्नस्टाइल, म्हणजे एकेकाला आत सोडणारं फिरत्या दांडीचं फाटक, मात्र तेव्हाही होतं, आजही आहे. फोन टेकवायचा, हिरवा दिवा, पोटाने दांडी ढकलायची, खट्‌. एक माणूस आत. ही वाट अरुंद असते ती मुद्दाम. तिचं काम मोजायचं. इंग्लंडच्या सुरक्षा-नियमावलीत एका टर्नस्टाइलमधून तासाला जास्तीत जास्त ६६० माणसं धरतात. साठ हजारांना तासाभरात आत घ्यायचं तर नव्वदच्या वर टर्नस्टाइल हवीत, आणि लोकांनी त्या तासभरात सारखं सारखं यायला हवं. लोक तसे येत नाहीत. अर्धे जण शेवटच्या वीस मिनिटांत उगवतात. तासभर आधी पोहोचा असं तिकिटावर लिहितात ते म्हणून.

आत गेल्यावर काँक्रीटचा अंधारा बोळ, ओल्या कोटांचा वास, आणि वर जाणारा एक जिना. शेवटच्या चार पायऱ्यांवर आधी आकाश दिसतं, मग पलीकडच्या स्टँडची वरची कड, आणि मग एकदम ते हिरवं. टीव्हीवरच्यापेक्षा गडद आणि अपेक्षेपेक्षा लहान. १०५ बाय ६८ मीटर, फार नाही. पायरीवर सगळेच क्षणभर थबकतात आणि मागचे त्यांच्या पाठीवर आदळतात. प्राचीन रोमच्या कोलोसियममधली माणसंही अशाच बोळांतून वर येत असणार. तिथल्या कमानींवरचे काही फाटकांचे आकडे अजून वाचता येतात.

पंच्याऐंशीव्या मिनिटाला उठणाऱ्यांबद्दल काय बोलावं! ट्रेन चुकेल म्हणे. महिनाभर त्या टीचभर माणसामागे चालायचं आणि शेवटची पाच मिनिटं गुडघ्यांवरून चेंगरत निघायचं. १९९९ च्या चॅम्पियन्स लीग अंतिम सामन्यात युएफा या युरोपीय फुटबॉल संघटनेचे अध्यक्ष लेनार्ट योहान्सन बायर्न म्युनिक एक गोलने पुढे असताना चषक द्यायला लिफ्टने खाली निघाले. ते मैदानावर पोहोचेपर्यंत मँचेस्टर युनायटेडने दोन गोल करून चषक नेला होता. अध्यक्षांची ही गत, तर ट्रेनवाल्यांचं काय! उलट, शेवटची शिट्टी झाल्यावर वीस मिनिटं खुर्चीत बसून राहावं. स्टेशनवरची रांग तेवढ्यात निम्मी होते, आणि माळी काटे घेऊन उखडलेलं गवत बसवत असतात ते फुकट बघायला मिळतं.

बाहेर पडताना टर्नस्टाइल लागत नाही. मोठी दारं सताड उघडतात आणि सगळे एकदम निघतात. एका ब्लॉकमधल्या लोकांना बाहेरच्या वाटेला लागायला आठ मिनिटांपेक्षा जास्त लागू नयेत, असा नियमावलीचा दंडक आहे. आत यायला एकेकाने, जायला एकदम. या उलट्या व्यवस्थेचा राग येतो, विशेषतः पावसात बाहेर ताटकळताना.

१५ एप्रिल १९८९ ला शेफिल्डच्या हिल्सबरो स्टेडियमवर एफ.ए. कपचा उपांत्य सामना होता. स्टेडियमच्या लेपिंग्ज लेन रस्त्याकडच्या टोकाला लिव्हरपूलच्या उभ्याच्या तिकिटांचे १०,१०० लोक यायचे होते आणि त्यांच्यासाठी टर्नस्टाइल होती सात. आजच्या हिशोबाने सात गुणिले ६६०, म्हणजे तासाला ४,६२०. दोन तासांहून जास्त वेळ हवा होता. सामना तीनला. अडीच वाजता निम्म्याहून अधिक लोक बाहेरच होते. दोनला बावन्न मिनिटांवर पोलिसांच्या हुकमाने बाहेर पडायचं एक मोठं दार आत यायला उघडलं. समोरचा बोगदा मधल्या दोन जाळीबंद कप्प्यांत जात होता आणि ते आधीच भरलेले होते. बाजूच्या कप्प्यांत जागा होती, पण तिकडे कुणी वळवलं नाही. खेळ तीन वाजून सहा मिनिटांनी थांबला. त्या चेंगराचेंगरीतल्या मृतांचा आकडा आज ९७ आहे.

त्या दारातून साधारण दोन हजार माणसं आत गेली. त्यांची तिकिटं कुणी फाडली नाहीत, आणि ती माणसं कुणी मोजली नाहीत.