मी पंधरा, ताई सात, सरासरी अकरा

गेल्या रविवारी भाचा जेवायला आला होता. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहतो, एमपीएससी करतो, कितवा अटेम्प्ट ते आपण विचारायचं नाही. ताटावर बसल्या बसल्या त्याचं पाठांतर चालू. मानव विकास निर्देशांक, १९९०, महबूब उल हक, यूएनडीपी (म्हणजे संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम), भारत १३०वा. मी म्हटलं अरे आधी आमटी घे, तर म्हणे मावशी तू विचार ना काहीतरी. मग मी विचारलं की विकसित देश म्हणजे नेमका कोणता? आणि तिथे गाडी अडली, कारण त्याच्या नोट्समध्ये चार पर्याय असतात आणि त्यातला एक बरोबर असतो.

मी बँकेत क्लार्क म्हणून लागले आणि आता रिटायरमेंटकडे डोळे लावून बसलेय, त्यामुळे आकड्यांचं मला भय नाही, पण आकडा बनतो कसा हे बघायची खोड आहे. जीडीपीचंच घ्या, म्हणजे देशाच्या वर्षभराच्या उत्पन्नाचा आकडा. हा पोरगा मेसला महिन्याला तीन हजाराच्या वर देतो, पातळ वरण, दोन भाज्या आणि चिवट पोळ्या, तर ते पैसे देशाच्या उत्पन्नात जमा. गावाकडे माझी ताई पहाटे उठून याच पोराला पंचवीस वर्षं भाकरी करून घालत होती, त्याचं उत्पन्न शून्य. आमच्या सोसायटीत नळाला पाणी कमी म्हणून टँकर येतो, एका टँकरला हजार-बाराशे, ग्रुपवर रोज भांडणं, आणि तो प्रत्येक टँकर जीडीपीत धरला जातो. नळाला नीट पाणी आलं असतं तर एवढी उलाढाल झालीच नसती! ज्या सायमन कुझनेट्सनी अमेरिकेसाठी राष्ट्रीय उत्पन्नाचा हिशेब मांडला त्यांनीच १९३४च्या अहवालात सांगून ठेवलं होतं की यावरून लोकांचं बरं चाललंय की नाही हे कळत नाही. ते सोडून सगळं घेतलं लोकांनी.

आयर्लंडची गंमत तर आमच्या आयटीवाल्या शेजाऱ्यांना पण माहीत नव्हती. २०१५ साली त्यांचा जीडीपी एका वर्षात २६ टक्क्यांनी वाढला असं जाहीर झालं. कशामुळे, तर मोठ्या परदेशी कंपन्यांनी टॅक्ससाठी आपली मालमत्ता कागदोपत्री तिकडे हलवली. डब्लिनच्या रिक्षावाल्याला, म्हणजे तिथे जो कोणी टॅक्सीवाला असेल त्याला, त्यातलं काय मिळालं असेल? शेवटी त्यांच्याच सांख्यिकी खात्याला वेगळा, गाळून घेतलेला आकडा काढायला लागला.

मग दुसरं टोक, गरिबी. इथे मला पुण्याचा जरा अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. दादाभाई नौरोजींनी १८७६च्या सुमारास हिशेब मांडला की हिंदुस्थानात माणशी वर्षाला २० रुपये उत्पन्न पडतं, आणि ते कशाशी ताडून बघितलं तर तुरुंगातल्या कैद्याच्या खर्चाशी. कैद्याला जेवढं मिळतं तेवढंही बाहेरच्याला नाही. त्यानंतर जवळपास शंभर वर्षांनी, १९७१ मध्ये, आपल्या बीएमसीसी रोडवरच्या गोखले इन्स्टिट्यूटमधल्या वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ या अर्थतज्ज्ञांनी विचारलं की रोजच्या २,२५० कॅलरी पोटात जायला किती पैसे लागतात. उत्तर आलं, १९६०-६१च्या किमतींना महिन्याला माणशी खेड्यात १५ रुपये आणि शहरात साडेबावीस. मी कितीदा त्या रस्त्यावरून बस पकडायला गेलेय, पण देशाच्या गरिबीची रेघ इथे आखली गेली हे मला चाळिशीनंतर कळलं. पुढे २०११ मध्ये नियोजन आयोगाने शहरात रोजचे ३२ रुपये सांगितले तेव्हा केवढा गदारोळ झाला होता ते आठवत असेल. आता जागतिक बँकेची रेघ ३ डॉलरची आहे. ऐकायला अडीचशे रुपये वाटतात, पण तो डॉलर वेगळा, इथल्या स्वस्ताईचा हिशेब करून काढलेला, साधारण वीस रुपयांचा, म्हणजे २०२१च्या किमतींना साठ रुपयांच्या आसपास. भाचा म्हणाला साठ रुपयांत मेसमध्ये एक वेळचं ताट पण येत नाही. तो रेघेच्या वर आहे, काळजी नको.

विकसित आणि विकसनशील या शब्दांचं तर विचारूच नका. जागतिक व्यापार संघटनेत एखादा देश स्वतःच सांगतो की आम्ही विकसनशील, आणि तेवढ्यावर सवलती मागता येतात. दक्षिण कोरियाने २०१९ मध्ये सांगितलं की यापुढे आम्ही त्या सवलती मागणार नाही. आमच्याकडे नॉन-क्रिमिलेयरच्या दाखल्यासाठी लोक काय काय करतात ते बघता कोरियाचं कौतुकच वाटतं.

तर एचडीआय, म्हणजे भाच्याचा तो मानव विकास निर्देशांक. अर्थतज्ज्ञ महबूब उल हक आणि अमर्त्य सेन यांचं म्हणणं असं की फक्त पैसा बघू नका, माणूस किती जगतो आणि किती शिकतो ते पण बघा. आयुष्य २० वर्षं म्हणजे शून्य मार्क, ८५ म्हणजे पैकीच्या पैकी, तसंच शिक्षणाचं आणि उत्पन्नाचं. आधी तिन्हीची साधी सरासरी काढायचे, २०१० पासून तिन्हीचा गुणाकार करून घनमूळ काढतात. भाच्याला मी त्याच्याच भाषेत सांगितलं, की पूर्वी एका पेपरात मार्क ओढून दुसऱ्यातलं झाकता यायचं, आता एक पेपर गडगडला की सगळंच खाली येतं. हे त्याला फारच पटलं.

पण एवढं करूनही ती देशाची सरासरीच. शिक्षणाच्या भागात पंचवीसच्या वरच्या लोकांची सरासरी शाळेची वर्षं धरतात. आमच्या घरात मोजायला गेलं तर मी बी.कॉम., पंधरा वर्षं. ताई सातवी, सात वर्षं. सरासरी अकरा. आता अकरावीपर्यंत शिकलेली बाई आमच्या घरात आहे कोण? कोणीच नाही. वहीत मात्र ती आहे आणि तिचं बरं चाललंय. यूएनडीपीला हे माहीत आहे, ते विषमता धरून दुसरा आकडा काढतात, आणि २०२३च्या आकड्यांत भारताचा ०.६८५ चा निर्देशांक तिथे जवळपास ३१ टक्क्यांनी खाली येतो. तो दुसरा आकडा भाच्याच्या नोट्समध्ये नाही.

ताई काही ढ नव्हती. माझ्यापेक्षा हुशार होती हे वडील शेवटपर्यंत म्हणायचे (मला राग यायचा). गावात शाळा सातवीपर्यंत, पुढची शाळा सहा किलोमीटरवर, एसटी सकाळी एक आणि परत यायला अंधार पडल्यावर एक. पोरीला कोण पाठवणार. मी आठ वर्षांनी लहान, माझी सातवी होईपर्यंत गावात हायस्कूल आलं होतं, पत्र्याचं, चार खोल्या. बाकी सगळं तेच, तेच आईवडील, तेच घर. मला कोणी विकास म्हटलं की आधी ते पत्रे दिसतात.

याच दांडेकरांच्या समितीने १९८४ मध्ये महाराष्ट्राचा अनुशेष मोजला, म्हणजे रस्ते, सिंचन, शिक्षण, आरोग्य असं एकेक घेऊन कुठला जिल्हा राज्याच्या सरासरीच्या किती मागे आहे आणि ते भरून काढायला किती पैसा लागेल. चांगलंच काम, पण परत जिल्हा म्हटलं की जिल्ह्याची सरासरी. आमच्या पुणे जिल्ह्यात हिंजवडी पण आहे आणि वेल्ह्याच्या डोंगरातल्या वाड्या पण आहेत, आणि सरासरीत त्या वाड्या दिसत नाहीत.

जेवण झाल्यावर ताईला फोन लावला. ती आता परांड्याकडे असते, तिचं सासर. आधी पोटभर जेवला का, वाळलाय का, हे सगळं झालं, मग मी तिला ते अकरा वर्षांचं सांगितलं. ती जरा थांबली आणि म्हणाली, "म्हंजे तुझी चार वर्सं त्यांनी माझ्या नावावर लिवली?"

हो म्हटलं, तसंच.

"मग ती दी की आणून. दिवाळीला यिताना घिऊन ये."

घेऊन येते म्हटलं. मग तिने डाळिंबावर तेल्या पडलाय ते सांगायला सुरुवात केली.