चिकमगळूरची 'हुळी' कॉफी

पहिल्या घोटालाच तोंड वाकडं झालं. कॉफी चक्क आंबट होती. आमच्या घरी कॉफी म्हणजे दुधात उकळलेली, वर जायफळ किसलेली, पाहुणे आले की व्हायची ती. ही तर काळीही नव्हती, कोऱ्या चहासारखी लालसर दिसत होती. नासलीय का, असं विचारायचा धीर होईना. माझा चेहरा बघून मळ्याचे मालक हसले. म्हणाले, "हुळी!"

कन्नडमध्ये हुळी म्हणजे आंबट. आणि तिकडची चिंच घातलेली आमटी, तीही हुळीच!

पुण्याहून रेल्वेने कडूर, तिथून चाळीसेक किलोमीटर रस्ता करून चिकमगळूर. मळा गावाच्या वर, साधारण 1,200 मीटर उंचीवर. मागे मुळ्ळय्यनगिरी, कर्नाटकातलं सर्वांत उंच शिखर, आणि शेजारी बाबाबुदनगिरीची रांग. सतराव्या शतकात बाबा बुदन यांनी येमेनमधल्या मोखाहून सात बिया लपवून आणल्या आणि याच डोंगरात पेरल्या, ही कथा इथे दर दुसरा माणूस सांगतो.

जानेवारीत तोडणी चालू होती. सिल्व्हर ओकच्या सावलीत कॉफीची झुडपं, ओकच्या खोडांवर मिरीचे वेल. एक लाल फळ तोंडात टाकलं. गर नखाएवढा, पण गोड. उंचावर रात्री गार असतात, त्यामुळे फळ सावकाश पिकतं, बी घट्ट भरते आणि तो आंबट-गोडपणा बीमध्ये टिकतो, असं मालकांचं म्हणणं. तोडलेलं फळ त्याच दिवशी पल्पर नावाच्या यंत्रात सोलतात, बुळबुळीत बिया रात्रभर टाकीत आंबवतात, मग धुऊन अंगणात वाळवतात. टाकीजवळ उभं राहिलं की इडलीचं पीठ फुगल्यासारखा वास येतो. वाण 'सेव्हन-नाइंटी-फाइव्ह', जवळच्याच बाळेहोन्नूरच्या संशोधन केंद्रात 1940च्या दशकात तयार झालेला. दुसऱ्या मळ्याचा एक दाणाही यात नाही, हे मला तीनदा ऐकवण्यात आलं.

दुसऱ्या दिवशी मला समोर बसवून त्यांनी कॉफी केली. 15 ग्रॅम पूड, रव्याहून किंचित जाड, कागदी गाळणीत. या उंचीवर पाणी 96 अंशांच्या आसपासच उकळतं, म्हणून आधण आलं की लगेच ओतायचं. आधी फक्त पूड भिजेल इतकंच. ती पुरीसारखी टम्म फुगते. ताजी भाजलेली असल्याची खूण. अर्धा मिनिट थांबून गोल गोल धार धरत एकूण 240 मिली. तीन मिनिटांत काम संपलं. मी कप उचलला तर म्हणाले, "थांबा, निवू द्या."

कोमट झाल्यावर प्यायलो. आंबट होतीच, पण आता ती चिंच होती आणि घोट उतरल्यावर मागे गूळ. चिंच-गुळाची आमटी मी जन्मभर खाल्लीय. ही चव मला कोणी शिकवायला नको होती. कपात भेटेल असं मात्र वाटलं नव्हतं.

(मालक स्वतः सकाळी स्टीलच्या पेल्यात चिकोरीवाली, भरपूर दुधाची फिल्टर कॉफी पितात. "हुळी पाहुण्यांसाठी," म्हणाले.)

पुण्यात आल्यावर मिक्सरवर पूड फार बारीक झाली आणि कॉफी कडू. दुसऱ्या खेपेला जमली. आईला दिली. तिने एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि जायफळ शोधायला उठली.