बकुळेचे दात: तुम्ही विचारलंत म्हणून

"इतक्या म्हाताऱ्या मांजरीचे सगळेच्या सगळे दात का काढलेत?" हा प्रश्न मला नातेवाइकांपासून सोसायटीतल्या शाळकरी मुलांपर्यंत सर्वांनी विचारला आहे, आणि त्याच्या पाठोपाठ, उत्तर ऐकायला न थांबता, "मग आता ती खाते काय?" हा दुसराही. दुसऱ्याचे उत्तर सोपे असल्यामुळे ते आधी देऊन टाकते. बकुळा तिच्या पथ्याचे मऊ खाणे खाते, क्वचित उकडलेली कोंबडी खाते आणि, ज्यावर कोणाचाच विश्वास बसत नाही, ते कोरडे दाणेदार खाणेही अख्खे गिळते. मांजर आपल्यासारखे घास चावत बसत नाही. तिचा जबडा आडवा फिरत नाही, आणि तिच्या दाढा दळण्यासाठी नसून मांस कातरण्यासाठी असतात. शिकारीवर जगणाऱ्या मांजरीला दातांवाचून दिवस काढता येणार नाहीत, पण जिला अन्न ताटलीत मिळते तिचे फारसे अडत नाही.

पहिला प्रश्न हा बहुधा प्रश्न नसून आरोप असतो. वय झाले की दात पडायचेच, ते आपोआप पडू द्यायचे सोडून चौदा वर्षांच्या जिवाला भूल देऊन चिरफाड कशासाठी केली, असे तुम्हाला म्हणायचे असते; तुम्ही सभ्य आहात म्हणून ते विचारता. तर मांजरीचे दात वयाने पडत नाहीत, आजाराने पडतात, आणि ते आजार उतारवयात अधिक आढळतात एवढाच वयाचा त्यात भाग. दातांवर साचणारा थर लाळेतल्या क्षारांमुळे काही दिवसांतच घट्ट होऊन त्याचे कीटण बनते, हिरडी सुजते आणि मागे सरते, खालचे हाड झिजते, आणि मग दात हलू लागतो. याखेरीज मांजरींना असा एक विकार होतो की ज्याचे नावही मी तोवर ऐकले नव्हते: शरीराच्या स्वतःच्याच पेशी दात विरघळवू लागतात. ती कीड नव्हे, गोडधोड खाण्याशी त्याचा काही संबंध नाही, आणि हे मुळात का घडते याचा उलगडा पशुवैद्यकशास्त्राला अद्याप झालेला नाही. हिरडीच्या काठाशी दाताला खड्डा पडतो, आतली नस उघडी पडते, आणि पुष्कळदा हिरडीच वाढून तो खड्डा झाकते. त्यामुळे तोंड उघडून पाहणाऱ्याला दातावर चढलेला लाल ठिपका तेवढा दिसतो. मुळांचे काय झाले आहे ते एक्स-रेशिवाय कळत नाही, आणि मांजर शुद्धीवर असताना तिच्या दातांचा एक्स-रे निघत नाही. बकुळेला हे दोन्ही होते, आणि शिवाय जबड्याच्या पार मागच्या बाजूला हिरड्यांची जुनाट सूज होती.

"पण ती तर खात होती!" होय, खात होती. ती भुकेने ताटलीकडे धावत येई, एक घास घेई, मान तिरकी करून तो एका बाजूला सरकवी, आणि मग कोणी चापट मारल्यासारखी मागे उडी घेऊन अन्नावरच फिसकारे. ते अन्नच आपल्याला मारते अशी तिची समजूत झाली असावी. पाठीवरच्या केसांच्या गाठी झाल्या होत्या, कारण अंग चाटणेही तिने सोडले होते. एवढे असूनही वजन फारसे उतरले नव्हते, कारण मांजर दुखते म्हणून सहसा उपाशी राहत नाही. दुखत असतानाही खाते. आमच्या पहिल्या डॉक्टरांनी प्रतिजैविक आणि स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले की काही आठवडे बरे जात आणि पुन्हा तेच सुरू होई. मधल्या काळात लवंगेचे तेल लावा, क्रोसिनचा तुकडा द्या असे सल्लेही मिळाले. ते देणाऱ्यांचा हेतू चांगला होता, पण लवंगेचे तेल मांजरीला विषारी ठरू शकते आणि क्रोसिनमधल्या पॅरासिटॅमॉलने तर तिचा जीव जातो, म्हणून ही दोन वाक्ये इथे लिहून ठेवते.

शस्त्रक्रियेला मी बराच काळ नकार देत होते, आणि त्या वेळच्या स्वतःला मी आज मूर्ख ठरवणार नाही. त्या वेळच्या 'मी'चे म्हणणे असे होते: बकुळेचे क्रिएटिनिन २.१ आहे, म्हणजे मूत्रपिंडाचा आजार सुरू झालेला आहे. भुलीत रक्तदाब उतरला तर पहिला फटका मूत्रपिंडालाच बसणार. ब्रिटनमध्ये २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत भुलीशी संबंधित मृत्यूचे प्रमाण निरोगी मांजरींमध्ये ०.११ टक्के आणि आजारी मांजरींमध्ये १.४० टक्के निघाले होते. पहिला आकडा वाचून धीर येतो. आपली मांजर दुसऱ्या आकड्यात मोडते हे लक्षात आले की तो जातो. यावर माझे आजचे उत्तर इतकेच की न केलेल्या शस्त्रक्रियेच्या वेदनांचा आकडा अशा कोणत्याही पाहणीत नसतो. हे उत्तर चांगले आहे, पण त्याने मूत्रपिंडाचा मुद्दा खोडला जात नाही, आणि तो खोडला गेला असे मी कधी म्हटलेलेही नाही.

आता त्या दिवसाविषयी, कारण "सगळे का?" याचे खरे उत्तर तिथे आहे. ठरले होते ते असे: भूल द्यायची, दात साफ करायचे, एक्स-रे काढायचे आणि खालच्या दोन हलणाऱ्या दाढा काढायच्या. संमतीपत्रात "आवश्यक वाटल्यास अधिक दात" असे शब्द होते. त्यावर सही करताना अधिक म्हणजे आणखी तीन-चार असे मी मनाशी धरून चालले होते. बकुळेला सकाळी नव्या डॉक्टरांकडे सोपवून मी घरी आले आणि आईचे जेवण वाढत असताना फोन वाजला.

"मॅडम, एक्स-रे झालेत. ती भुलीखाली आहे, म्हणून पटकन सांगते. खालच्या जवळजवळ सगळ्या दाढांची मुळं विरघळायला लागली आहेत, वरच्याही बऱ्याचशा. मागची सूज पाहता दाढ एकही ठेवू नये असं माझं मत आहे. खालचे दोन्ही सुळेही गेलेत. प्रश्न वरच्या सुळ्यांचा आहे. एक्स-रेत ते चांगले दिसतायत, पण भोवतीची हिरडी लाल आहे. ठेवले तर सूज तिथे टिकू शकेल, कदाचित टिकणारही नाही. टिकली तर पुन्हा भूल द्यावी लागेल, आणि या मूत्रपिंडांवर दुसरी भूल द्यायला मी धजणार नाही."

मी रक्तदाब विचारला. स्थिर आहे, सलाईन चालू आहे, पण सगळे काढायचे म्हणजे वेळ वाढेल, असे त्या म्हणाल्या. खालच्या सुळ्याचे मूळ जबड्याच्या हाडात इतके खोल गेलेले असते की घाई केली तर जबडाच मोडू शकतो, म्हणून तिथे वेळ लागतोच, हेही त्यांनी सांगितले. "विचार करायला थोडा वेळ मिळेल का?" असे मी विचारले, आणि त्या गप्प राहिल्या. त्यांच्या बाजूने यंत्राचा ठरावीक आवाज ऐकू येत होता. फोन स्पीकरवर होता. आईला कवळी लागून पुष्कळ वर्षे झाली आहेत, ती ताटावरून मान वर न करता म्हणाली, "माझे काढले तेव्हा मला विचारलं होतं." हे काढा म्हणून सांगणे होते की काढू नका म्हणून, ते मला तेव्हा कळले नाही आणि नंतर विचारल्यावर तिनेही सांगितले नाही.

त्या क्षणी मी केवळ तिच्या वेदनेचा विचार करत होते असे लिहिले तर ते शोभून दिसेल, पण ते पूर्ण खरे नाही. पुन्हा भूल म्हणजे पुन्हा रक्ततपासण्या आणि पुन्हा तेवढाच खर्च, हे मनात आले. जांभई देताना दिसणारे तिचे सुळे डोळ्यांपुढे आले. आणि सगळ्यात जास्त हे वाटले की असा फोन मला पुन्हा कधी यायला नको. मी म्हणाले, "सगळे काढा."

ती संध्याकाळी शुद्धीवर आली. मूत्रपिंडामुळे मेलॉक्झिकॅम द्यायचे नव्हते, म्हणून दुसरे वेदनाशामक दिले. टाके आपोआप विरघळणारे होते. सुजलेल्या तोंडाने तिने दुसऱ्याच दिवशी पातळ केलेले खाणे चाटून संपवले आणि ताटलीवर फिसकारली नाही. काही आठवड्यांनी ती पुन्हा अंग चाटू लागली. "आधीपासून दात घासले असते तर?" असेही विचारता, रोज घासल्याने थर साचत नाही हे खरे, पण दात विरघळण्याचा विकार घासण्याने थांबत नाही. भुलीशिवाय कीटण खरवडून देणारे लोक दाताचा दिसणारा भाग पांढरा करतात. आजार हिरडीच्या खाली असतो आणि तिथेच राहतो.

पुढच्या तपासण्यांत क्रिएटिनिन तीनच्या वर गेले. हे भुलीमुळे झाले, की आजार त्याच्या गतीने तसाही तिथे पोहोचला असता, हे कोणत्याही चाचणीने ठरत नाही. तुम्ही मात्र ते दारात उभ्या उभ्या ठरवून मोकळे होता. आज ती सोळा वर्षांची आहे, पथ्यावर आहे, आणि वेदनेने मागे उडी घेत नाही.

राहिले वरचे सुळे. ते एक्स-रे मी नंतर आणखी एका डॉक्टरांना दाखवले. मागच्या दाढा काढल्यावर सूज पुष्कळदा ओसरते, मी असतो तर सुळे ठेवून वाट पाहिली असती, असे ते म्हणाले. ज्यांनी काढले त्यांचे म्हणणे असे की लाल हिरडी त्यांनी प्रत्यक्ष पाहिली होती, आणि एक्स-रेत हिरडीची सूज दिसत नाही. मला दोघांचेही पटते. तेव्हा "निदान सुळे तरी ठेवायचे होते" हे वाक्य तुम्ही पुन्हा म्हणालात तर मी वाद घालणार नाही. पण तुम्ही बरोबर आहात असेही माझ्याकडून म्हणवून घेता येणार नाही.