सह्याद्रीतील झिओलाइट : या हंगामातील नोंदी

पावसाळा ओसरल्यावर पुणे-नाशिक पट्ट्यातील दगडखाणींच्या फेऱ्या पुन्हा सुरू केल्या, त्या यंदा झिओलाइटचे, म्हणजे रचनेत पाणी धरून ठेवणाऱ्या खनिजांचे, स्फटिक गोळा करण्यापेक्षा ते कोणत्या थरात मिळतात हे नोंदवण्यासाठी. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी साचलेल्या लाव्हाच्या प्रत्येक थराचा मधला भाग घट्ट असतो आणि खडीसाठी मागणी त्यालाच असते. आपल्या कामाच्या पोकळ्या मात्र बहुधा वरच्या, वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेल्या भागात असतात. तिथे नंतर झिरपलेल्या गरम पाण्यातून स्टिलबाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट आणि, झिओलाइट नसूनही नेहमी त्यांच्याच पंगतीला बसणारा, अपोफिलाइट तयार झाला. सुरुंगानंतर पोकळी उघडी पडली आणि ती पहारीने जपून उकलणारा जाणता वडार कामगार जवळ नसला, तर सगळा माल क्रशरमध्ये जातो. नमुन्याच्या चिठ्ठीवर खाणीचे नाव येते, त्या कामगाराचे कधीच येत नाही, हे मला खटकते.

वाघोलीचा कॅव्हनसाइट हे निळे खनिज पाहताना थराचे महत्त्व विशेष पटते, कारण तो साध्या पोकळीपेक्षा तुकडे होऊन पुन्हा सांधल्या गेलेल्या बेसाल्टात मिळतो, अनेकदा पांढऱ्या स्टिलबाइटवर बसलेला. त्याचेच रासायनिक घटक असलेला पण वेगळ्या रचनेचा पेंटागोनाइटही तिथेच सापडतो. नाशिकच्या पांडवलेणी परिसरातील पॉवेलाइट लघुलहरी अतिनील दिव्याखाली पिवळट चमकतो. ज्या डोंगरात प्राचीन कारागिरांनी लेणी कोरली, त्याच्याच आसपासच्या खाणींनी हे खनिज दिले.

१८६३ मध्ये वाहतुकीस खुल्या झालेल्या भोर घाटातील रेल्वेमार्गाच्या खोदकामातही असे स्फटिक निघाले होते. आज तो घाट गाडीतून पाहावा आणि खनिजांसाठी सिन्नरचे ‘गारगोटी’ संग्रहालय गाठावे, हे बरे.

सफाईत वेळ सर्वाधिक गेला. मऊ कुंचला आणि साधे पाणी एवढ्यावर भागवले, कारण आम्लाने नमुन्यावरचा कॅल्साइट (चुन्याचे खनिज) निघाला तरी अनेक झिओलाइटही खराब होतात. ओकेनाइट या तंतुमय खनिजाला तर पाणीही लावले नाही. त्याचे तंतू एकदा चिकटले की पुन्हा मोकळे होत नाहीत. लॉमोंटाइट हा झिओलाइट खाणीत टणक आणि अर्धपारदर्शक दिसला, पण कोरड्या हवेत पाणी गमावून पांढुरका झाला आणि कडांनी भुगा पडू लागला. आता त्याचे नवे नमुने बंद डबीत, ओलसर कापसासोबत ठेवत आहे आणि खाणीच्या भिंतीचे छायाचित्र प्रत्येक डबीला जोडत आहे.