टिलरसन यांचे शेअर तपासले, सवयी तपासायच्या राहिल्या

बडा कंपनीप्रमुख सरकारात वरच्या खुर्चीवर येणार म्हटलं की पहिला प्रश्न त्याच्या शेअर्सचा निघतो. निघायलाच हवा. पण तो सुटला की तपासणी संपली असं समजणं ही घोडचूक आहे, आणि रेक्स टिलरसन यांच्या नेमणुकीत नेमकी तीच झाली. १९७५ साली एक्सॉन या अमेरिकी तेल कंपनीत इंजिनिअर म्हणून लागलेला हा माणूस २००६ पासून २०१६ अखेरपर्यंत कंपनीचा प्रमुख होता. १ फेब्रुवारी २०१७ रोजी सिनेटने ५६ विरुद्ध ४३ मतांनी त्यांना अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री केलं. १३ मार्च २०१८ रोजी त्यांना काढल्याचं ट्रम्प यांनी ट्विटरवर जाहीर केलं.

पैशाची बाजू आधी बघू. अशा पदाच्या उमेदवाराला २७८ई हा मालमत्ता जाहीर करण्याचा अर्ज भरावा लागतो. त्यात मालमत्तेची नेमकी रक्कम नसते, टप्पे असतात, आणि सगळ्यात वरचा टप्पा ‘५ कोटी डॉलरपेक्षा जास्त’ एवढाच. म्हणजे सहा कोटीवाला आणि साठ कोटीवाला एकाच रकान्यात. करविवरणपत्रं यात येतच नाहीत. सिनेटची अर्थविषयक समिती तीन वर्षांची मागते, परराष्ट्र समितीत तशी सक्ती नाही, आणि टिलरसन यांनी ती दिली नाहीत. हा अर्ज वाचायचा तो अमेरिकी फौजदारी कायद्याचं कलम २०८ शेजारी ठेवून. ज्या निर्णयाने स्वतःच्या, जोडीदाराच्या किंवा अल्पवयीन मुलांच्या पैशावर परिणाम होईल त्यात हात घालणं हा गुन्हा आहे. पुढच्या नोकरीची बोलणी जिच्याशी चालू आहेत ती कंपनीही यात धरली जाते.

टिलरसन यांच्याकडे एक्सॉनचे सहा लाखांवर शेअर होते. ते ९० दिवसांत विकायचे ठरले. अशा विक्रीत क्रम फार महत्त्वाचा. आधी शासकीय नीतिमत्ता कार्यालयामार्फत प्रमाणपत्र घ्यायचं, मग विकायचं, आणि ६० दिवसांत पैसा सरकारी रोख्यांत किंवा अनेक क्षेत्रांत विभागलेल्या म्युच्युअल फंडात घालायचा. तरच नफ्यावरचा कर लांबतो. माफ होत नाही, लांबतो. प्रमाणपत्राआधी विकलं की सवलत गेली.

खरी अडचण होती ती हातात न आलेल्या शेअर्सची. वीस लाखांवर शेअर पुढच्या दहा वर्षांत मिळायचे होते, म्हणजे मंत्रिपदावर असतानाही एक्सॉनचा भाव हाच त्यांचा भाव राहिला असता. तोडगा चांगला निघाला. तेवढ्या किमतीची रोकड, सुमारे १८ कोटी डॉलर, स्वतंत्र ट्रस्टमध्ये टाकायची. ट्रस्टने एक्सॉनचे शेअर धरायचे नाहीत. दहा वर्षांच्या आत ते तेल-वायूच्या धंद्यात परतले तर रक्कम धर्मादाय कामाला. ही शेवटची अट मला सगळ्यात मोलाची वाटते, कारण परतीचं दार उघडं असलं की बाकीचे कागद नुसते शोभेचे राहतात. एक्सॉनशी संबंधित बाबींपासून लांब राहण्याची मुदत मात्र एकच वर्ष. तेलक्षेत्रांचे करार दशकानुदशकं चालतात, त्यामानाने वर्ष म्हणजे काहीच नाही.

नेमणुकीआधी सिनेटच्या परराष्ट्र समितीपुढे झालेल्या सुनावणीत कॅमेरे अडकले २०१३ साली पुतिन यांनी दिलेल्या पदकावर. त्याहून कामाचा पुरावा साध्या कागदात होता. एक्सॉनने रशियावरच्या निर्बंधांविरुद्ध थेट लॉबिंग केल्याचं आपल्याला माहीत नाही, असं टिलरसन म्हणाले. सिनेटरांनी कंपनीचे लॉबिंगचे अहवाल पुढे केले. त्यात निर्बंधांच्या विधेयकांची नावं होती. पण या तिमाही अहवालात विधेयक लिहावं लागतं, बाजूने की विरोधात ते लिहावं लागत नाही. त्या फटीतून उत्तर निसटू शकतं. म्हणून नुसता अहवाल पुरत नाही, फोन कुणी कुणाला केला हे विचारावं लागतं. समितीचे अध्यक्ष बॉब कॉर्कर टिलरसन यांच्याच पक्षाचे, पण निर्बंधांच्या वेळी तुमचा मला फोन आला होता, याची आठवण कॉर्कर यांनीच करून दिली.

आणि तरीही टिलरसन यांची कारकीर्द पैशामुळे बुडाली नाही. उपमंत्री म्हणून त्यांना इलियट अब्राम्स हवे होते, पण ट्रम्प यांनी नाव नाकारलं. कंपनीत दुसऱ्या क्रमांकाचा माणूस प्रमुख स्वतः नेमतो, इथे वरच्या फळीतली बहुतेक पदं राष्ट्राध्यक्षांच्या पसंतीने आणि सिनेटच्या मताने भरतात. ती रिकामी पडली असताना त्यांनी भरतीबंदी चालू ठेवली, सल्लागार आणून फेररचना काढली, पस्तीस हजारांवर कर्मचाऱ्यांकडून प्रश्नावली भरून घेतली. दरम्यान अनुभवी राजदूत खातं सोडत राहिले. खात्याच्या निधीतल्या सुमारे ३० टक्के कपातीची त्यांनी पाठराखण केली, पण तिजोरी काँग्रेसच्या हातात, आणि तिने ती कपात मानली नाही. जून २०१७ मध्ये सौदी अरेबिया आणि त्याच्या मित्रदेशांनी केलेली कतारची नाकेबंदी सैल करा असं टिलरसन म्हणाले, आणि त्याच दिवशी ट्रम्प यांनी कतारवरच तोफ डागली.

वाटाघाटी त्यांना येत नव्हत्या असं नाही. रशियातल्या साखालिन-१ या तेल-वायू प्रकल्पात एक्सॉनचा वाटा ३० टक्के होता, आपल्या ओएनजीसी विदेशचा २०, शिवाय रशियन आणि जपानी भागीदार. बहुमत नसताना तिथे काम रेटून नेलं गेलं. पण ते घराबाहेरचं. घरात, म्हणजे कंपनीत, त्यांचा शब्द शेवटचा होता, आणि मंत्र्याची निम्मी लढाई घरातच असते.

आपला शब्द शेवटचा असण्याची ही सवय आधी तपासता येते. सुनावणीनंतर सिनेटर लेखी प्रश्न पाठवतात आणि उत्तरं नोंदीत राहतात. तिथे विचारावं : संचालक मंडळात तुम्ही हरलेला ठराव कोणता, आणि हरल्यावर तो तुम्ही राबवलात का? तुमच्या हाताखाली नसलेल्या कुणाचा होकार मिळवायला सगळ्यात जास्त वेळ कधी लागला, किती लागला? पहिल्या पसंतीचा उपमंत्री नाकारला गेला तर दुसरं आणि तिसरं नाव कोणतं? उत्तरात ‘मी’ किती वेळा येतो ते मोजू नये. उलट बाजूच्या माणसाला फोन करून त्याची आठवण काय सांगते ते ऐकावं. सिनेटरांच्या सहायकांना हे काम दोन दिवसांत जमतं.