ईसीजी, वेव्हलेट आणि एम.टेक.चा प्रकल्प : माझा अनुभव

पुण्यात एम.टेक. करताना ईसीजीतील अनियमित ठोके ओळखण्याचा प्रकल्प मी घेतला, तेव्हा संगणकाला हात लावण्याआधी मार्गदर्शक मॅडमनी मला सदाशिव पेठेतील एका हृदयरोगतज्ज्ञांकडे धाडले. डॉक्टरांनी गुलाबी चौकटींच्या कागदावर डिव्हायडर टेकवून दाखवले की कागद सेकंदाला २५ मिलिमीटर सरकतो, म्हणजे एक बारीक चौकट ०.०४ सेकंदाची, निरोगी क्यूआरएस (ठोक्यातला टोकदार तरंग) साधारण अडीच चौकटींत मावतो, आणि तो तीनहून रुंद झाला की ठोका जवनिकेत (हृदयाच्या खालच्या कप्प्यात) उगम पावला असल्याची शंका घ्यावी. “रंगीत चित्रं नंतर काढ, आधी चौकटी मोजायला शीक,” हे त्यांचे वाक्य मी वहीत लिहून ठेवले.

नोंदी घेतल्या त्या एमआयटी-बीआयएच या ईसीजी नोंदींच्या संग्रहातील. बोस्टनच्या बेथ इस्रायल रुग्णालयात १९७५ ते १९७९ या काळात मिळवलेल्या या ४८ नोंदी ४७ व्यक्तींच्या असून प्रत्येक नोंद अर्ध्या तासाची आहे आणि तिच्यात सेकंदाला ३६० नमुने आहेत. त्यांत मिसळलेला वीजपुरवठ्याचा गोंगाट अमेरिकेतल्याप्रमाणे ६० हर्ट्झचा, तर आमच्या प्रयोगशाळेत घेतलेल्या नोंदींत ५० हर्ट्झचा. त्यामुळे दोन्हींसाठी वेगळे नॉच फिल्टर (एकच वारंवारता गाळणारे) ठेवावे लागले.

खरा कस लागला तो विंडोची, म्हणजे एका वेळी तपासायच्या तुकड्याची, लांबी ठरवताना. साधे फूरिए रूपांतर कोणत्या वारंवारता आहेत ते सांगते, पण त्या केव्हा आल्या ते त्यातून वाचता येत नाही. म्हणून संकेताचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याचे रूपांतर करायचे. तुकडा एक सेकंदाचा घेतला तर वारंवारता सुमारे एक हर्ट्झपर्यंत वेगळी करता येते, पण मिनिटाला ७५ ठोके असताना त्यात एकाहून अधिक ठोके सापडतात आणि बिघडलेला ठोका नेमका कोणता हे कळेनासे होते. तुकडा ०.१ सेकंदाचा केला तर क्यूआरएसची वेळ नेमकी मिळते, मात्र दोन वारंवारतांतील फरक सुमारे दहा हर्ट्झपर्यंत पुसला जातो आणि क्यूआरएसच्या आधीचा पी व नंतरचा टी हे संथ तरंग तळाच्या एकाच पट्ट्यात गोळा होतात. दोन्ही एकदम साधता येत नाही, हे गणितच आहे. त्यावर अधिक शक्तिशाली संगणकाचा उपाय चालत नाही.

वेव्हलेट रूपांतर मला पटले ते याच कारणाने : संथ तरंगांसाठी ते आपोआप लांब विंडो वापरते आणि झटपट बदलांसाठी आखूड. त्यातून निघणाऱ्या रंगीत चित्रात वेळ आडवी, वारंवारता उभी आणि ऊर्जा रंगाने दिसते. ११९ क्रमांकाच्या नोंदीत नेहमीच्या ठोक्यांचा उभा, अरुंद पट्टा दिसायचा आणि मध्येच जवनिकेतील अकाली ठोका आला की ऊर्जा खालच्या वारंवारतांकडे सरकून आडवी पसरायची, शिवाय त्याआधी पी तरंगाची खूणही नसायची. डॉक्टरांच्या तीन चौकटी इथे रंगांत दिसत होत्या.

वर्गीकरणात, म्हणजे ठोका नेहमीचा की अनियमित हे संगणकाला ओळखायला शिकवताना, एका रुग्णाचे ठोके प्रशिक्षण आणि चाचणी अशा दोन्हीकडे जाऊ द्यायचे नाहीत, हा मॅडमचा नियम होता. त्याने अचूकतेचा आकडा उतरतो, पण तोच आकडा नव्या रुग्णाबाबत काही सांगू शकतो. अन्यथा यंत्र आजार न ओळखता माणूस ओळखू लागते.

तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी रंगीत चित्रांकडे फारसे पाहिलेच नाही. आधाररेषेचे वरखाली डोलणे घालवण्यासाठी ०.५ हर्ट्झखालचा भाग कापला, मग एसटी खंडाचे (क्यूआरएस आणि टी यांमधल्या भागाचे) काय, एवढेच त्यांनी विचारले. त्या कापणीने एसटीची पातळी बिघडू शकते आणि म्हणून हृदयविकाराच्या झटक्याच्या निदानासाठी ही पद्धत आहे तशी वापरू नये, असे मी सांगितले. त्यांनी ते वाक्य अहवालाच्या मर्यादांत घालायला लावले आणि सही केली.